दोन बाजूंचं जंगल

पाणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळून बघेलच याची खात्री कुणी दिली नसती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षं गेली. रोज सकाळी ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं, त्यात ती औषधाचे थेंब टाकायची, पाणी गुलाबी झालं की क्लोरीन पुरेसं आहे असं समजून सही करायची. काम एवढंसंच, पण त्या सहीवर तिचा भारी जीव. एकदा मोठी जलवाहिनी फुटली, दुरुस्त झाली आणि साहेब म्हणाले, सोडा पाणी, लोक बादल्या घेऊन रस्त्यावर आलेत. नमुना अजून स्वच्छ आला नव्हता. ती म्हणाली, नाही सोडायचं. साहेबांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग त्यांच्याहून मोठ्या साहेबांना आणलं. ही खुर्चीवरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरा नमुना नितळ आला तेव्हा तिने सही केली, डबा उघडला आणि स्वस्थपणे जेवली.

माशांचा नाद तिला लागला तोही त्याच प्रयोगशाळेत. काचेची एक जुनी टाकी कोपऱ्यात धूळ खात पडली होती, भंगारात निघाली होती. हिने ती रिक्षात घालून घरी आणली, गळके सांधे सिलिकॉनने बुजवले, तळाला वाळू घातली, चार रोपं लावली. नवरा म्हणाला, दिवसभर पाणी आणि घरी आल्यावरही पाणीच का? पण महिन्याभरात तोच वर्तमानपत्र घेऊन टाकीसमोर बसू लागला आणि वर्तमानपत्र मांडीवर तसंच राहू लागलं. तो गेला तेव्हा घरात तीन टाक्या होत्या. ती निवृत्त झाली तेव्हा सात. मग बघायला येणारे लोक विचारू लागले, आमच्याकडे लावून द्याल का? आधी एका दंतवैद्याची खोली, मग एक वाचनालय. पाण्याखाली दगड, लाकूड आणि झाडं अशी रचायची की बघणाऱ्याला वाटावं हे कुणी रचलेलंच नाही, हे तिचं काम. साठी उलटल्यावर तिला नवा धंदा मिळाला होता, आणि त्यात ती तरबेज आहे हे तिला ठाऊक होतं.

डायलिसिस केंद्रातलं काम तिच्याकडे आलं ते तिच्या मोठ्या भावामुळे. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा, हाडाचा सुतार. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, यंत्राला जोडून घेणं नशिबी आलं. ज्या हातात सुया टोचायच्या त्या डाव्या हाताने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा त्याने सरळ कारखान्याला कुलूप लावलं. वहिनीने आणि हाताखालच्या माणसांनी परोपरीने सांगून पाहिलं, नुसता बसून काम सांगत जा. तो म्हणाला, सांगणारा सुतार आणि गाणारा मुका एकच. वहिनीचे गुडघे दुखायचे म्हणून त्याला केंद्रावर न्यायचं-आणायचं काम पाणीबाईने अंगावर घेतलं होतं.

केंद्र वाढवायचं काम त्या वेळी चाललं होतं. उपचारांची खोली आणि बाहेरची थांबायची खोली यांच्यामधल्या भिंतीत मोठी खिडकी पाडणार होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वाचनालयातली टाकी पाहिली होती. त्यांनी पाणीबाईला गाठून विचारलं, खिडकीच्या जागी टाकीच बसवली तर? आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना एका बाजूने दिसेल आणि आत खुर्च्यांवर पडलेल्या पेशंटांना दुसऱ्या बाजूने. हेड सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आतल्या बाजूला उघडं पाणी अजिबात चालणार नाही, जंतुसंसर्गाचा प्रश्न आहे. मग ठरलं की आतली बाजू पुरती बंद, झाकण फक्त बाहेरच्या खोलीतून उघडायचं. पाणीबाई जागच्या जागी हो म्हणाली. एवढी मोठी टाकी तिने आजवर केली नव्हती, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिला त्याची गरज वाटली नाही.

त्याच दिवशी घरी परतताना तिने दादाला ही बातमी सांगितली. तो खूश होईल अशी तिची अपेक्षा होती.

"चिमे, तुला अक्कल आहे का?" दादा म्हणाला. "आम्हा पेशंटांना दिवसाला लिटरभरच पाणी प्यायची मुभा. त्यातच चहा आला, गोळ्या गिळायचे घोट आले. दुपारी चारला जीभ टाळ्याला चिकटते. आणि तू आमच्यासमोर नऊशे लिटर आणून ठेवणार?"

वजन, काच, झाडं, माशांची जात, सगळं पाणीबाईने वाटेतच मनात मांडून टाकलं होतं आणि ही गोष्ट तिच्या डोक्यातही आली नव्हती. पुढचे दोन दिवस तिने टाकीचं नाव काढलं नाही. वहिनीने फोनवर दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती सिस्टरांची परवानगी काढून आत गेली आणि तिन्ही पाळ्यांच्या पेशंटांना एकेक करून विचारत सुटली. हे असं असं करायचं आहे, तहान लागलेल्या माणसाला ते बघवेल का? एक टॅक्सीवाले होते, ते म्हणाले, बघायला काही नाही हो, पण नळ ठिबकताना ऐकला की मला वेड लागतं, तेवढा आवाज नको. बँकेत काम करणाऱ्या एका तरुण मुलीने स्पष्ट सांगितलं की तिला ते सहन होणार नाही. तिची खुर्ची दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या खिडकीकडे तोंड करून ठेवायची असं सिस्टरांनी लगेच लिहून घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे भूगोलाच्या बाई म्हणत.

"मी चार वर्षं समोरच्या भिंतीवरची ओल बघतेय," त्या म्हणाल्या. "आधी ती दक्षिण अमेरिकेसारखी दिसायची, आता पसरून आफ्रिका झालीय. तुम्ही काय वाटेल ते लावा, पण मला दुसरं काहीतरी बघू द्या."

बाकीच्यांचं म्हणणंही साधारण याच वळणाचं होतं. पाणीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि त्यावरच टाकीचा बेत ठरवला. निळं पाणी नको, बुडबुडे नकोत, धबधबा नको. फिल्टरचं तोंड पाण्याच्या खाली ठेवायचं, म्हणजे ठिबकल्याचा आवाज येणार नाही. आतल्या बाजूने वरच्या कडेला लाकडी पट्टी मारायची, म्हणजे पाण्याची चमकती रेघच दिसणार नाही. आणि आत दाट जंगल. पाणी इतकं नितळ ठेवायचं की नजर थेट पानांवर जाऊन पोचावी आणि मध्ये काही आहे हे लक्षातही येऊ नये.

"म्हणजे नऊशे लिटर पाणी दिसणारच नाही, अशी सोय करायची," ती दादाला म्हणाली.

"जमेल?"

"एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

टाकीखालच्या मांडणीसाठी तिने एका वेल्डरकडून लोखंडी सांगाड्याचं चित्र काढून आणलं आणि दादाला यंत्रावर घेतल्यावर त्याच्या उजव्या हातात दिलं. हेतू साफ होता आणि तो दादालाही कळला असणार. पाणी, काच, दगड, वाळू मिळून सव्वा टनाचा भार होता. दादाने चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"याच्यावर सव्वा टन?" तो म्हणाला. "याच्यावर मी माझी टोपी ठेवणार नाही."

चार तास संपायच्या आत त्याने त्याच कागदाच्या मागे नवं चित्र काढलं होतं. लोखंड आत, बाहेरून सागवानी लाकूड, भार उभ्या खांबांवरून सरळ जमिनीत जाणारा, आणि खाली फिल्टरसाठी दारं असलेलं कपाट. काम कोण करणार, असं पाणीबाईने मुद्दामच विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात कारखान्याचं कुलूप निघालं. जुनी माणसं कापत-जोडत होती आणि दादा स्टुलावर बसून त्यांचं डोकं खात होता. वहिनी फोनवर म्हणाली, दोन वर्षांनी घरात लाकडाचा भुसा आला, झाडू मारताना मला चांगलं वाटतंय.

मांडणी जागेवर आली तेव्हा दादाने पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून समपातळी तपासली. एका टोकाला कागदाच्या जाडीएवढा फरक होता. त्याने तो काढायला लावला. मग फोमची चादर अंथरून आठ माणसांनी टाकी उचलून बसवली. पाणीबाईने ती गळ्यापर्यंत भरली, तळाच्या कडेने चारी बाजूंना कोरडं वर्तमानपत्र लावून ठेवलं आणि तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. कागद कोरडा राहिला. टाकी रिकामी केली.

आता रचना. दगड तिने स्वतः निवडून आणले होते. प्रत्येकावर लिंबू पिळून पाहिलं होतं. फसफसला तर दगडात चुना आहे, तो पाणी जड करणार, म्हणून बाद. लाकडासाठी तिने दादाला लाकडाच्या वखारीत नेलं होतं. तिथे झाडांची वाळलेली मुळं ढिगाने पडली होती. तासभर उलटीपालटी करून दादाने तीन मुळं बाजूला काढली. ती तीन आठवडे पिंपात भिजवली तरी पाण्यात टाकली की वर यायची. दादाने प्रत्येक मुळाच्या बुडाला फरशीचा तुकडा लावून स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने आवळायला सांगितला. तेव्हा कुठे मुळं पाण्याखाली राहिली.

पाणीबाईने दोन दिवस खपून दगड लावले. सगळ्यात मोठा दगड मधोमध नाही, एका बाजूला थोडा कललेला; त्याच्या आधाराने लहान दगड; त्यांच्यावरून मुळं आडवी झेपावत गेलेली; मागे माती उंच, पुढे उतरत आलेली, म्हणजे दोन फुटांची रुंदी चार फुटांची वाटावी. बाहेरच्या खोलीत बसलेले नातेवाईक उठून उभे राहून बघू लागले. तिला वाटलं, झालं. शनिवारी दादाला आत खुर्चीवर सोडून ती काचेच्या या बाजूला आली आणि पलीकडून तो काय म्हणतो याची वाट बघत राहिली. त्याने काहीच खूण केली नाही. चार तासांनी बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझ्या बाजूने जंगल. आमच्या बाजूने बांधकाम."

ती आत जाऊन त्याच्या खुर्चीवर आडवी झाली आणि पाहिलं. खरंच होतं. आजवरच्या सगळ्या टाक्या भिंतीला लागून असत. मागची बाजू कुणी बघत नसे. इथे आतल्या माणसांच्या वाट्याला दगडांच्या पाठी, फरशीचे तुकडे, स्क्रू आणि फिल्टरची नळी आली होती. शिवाय खुर्ची मागे कललेली, म्हणजे त्यांची नजर खालून वर जाणार. नातेवाईक अर्धा तास थांबून चहा प्यायला निघून जायचे. आतली माणसं चार-चार तास बघणार होती.

सोमवारी तिने सगळं उपसून बाहेर काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, छान तर दिसत होतं. ती म्हणाली, तुम्हाला दिसत होतं.

या वेळी तिने उंचवटा मागे न घेता मधोमध घेतला, डोंगराच्या कण्यासारखा, दोन्हीकडे उतरत गेलेला. नळी आणि स्क्रू त्या कण्याच्या पोटात गेले. आणि मंगळवारी, दादा यंत्रावर असताना, तिने खरी रचना केली. ती बाहेरच्या बाजूला स्टुलावर उभी, हात खांद्यापर्यंत टाकीत. दादा आतल्या बाजूला, डावा हात सुयांनी बांधलेला, उजवा मोकळा. काचेतून आवाज जात नव्हता. तो हाताने सांगत होता: डावीकडे, आणखी, फिरव, नाही, वाकडं फिरव, थांब. काही वेळाने शेजारच्या खुर्चीवरून टॅक्सीवाल्यांनीही हात हलवायला सुरुवात केली, मग भूगोलाच्या बाईंनी. तिघांचे हात तीन दिशांना. पाणीबाईने दगड खाली ठेवला, तिघांकडे बोट दाखवलं आणि मग एकट्या दादाकडे. सिस्टर हसत होत्या हे तिला काचेतून दिसलं. दुपारपर्यंत कणा उभा राहिला. मुळं आता कण्यावरून दोन्ही बाजूंना पसरली होती, आणि खालून बघणाऱ्याला त्यांची वळणं डोक्यावर फांद्या यावीत तशी दिसत होती.

झाडं लावायला आणखी तीन दिवस गेले. माती ओली, पाणी फक्त चार बोटं, हातात लांब चिमटा, आणि पानं सुकू नयेत म्हणून दर पाच मिनिटांनी फवारा. कण्याच्या माथ्यावर पट्टीसारख्या लांब पानांची रोपं, उतारावर रुंद पानांची, पायथ्याशी जमिनीलगत पसरणारं बुटकं गवत. मुळाच्या खाचांत तिने नेचे सुती दोऱ्याने बांधले. दोरा कुजेपर्यंत त्यांची मुळं लाकडाला धरतात. मग तळाशी ताट ठेवून, त्यावर धार सोडून, माती न ढवळता टाकी भरली.

पाण्याच्या बाबतीत तिला तिथे एक जोडीदार भेटला. केंद्रातल्या पाणी गाळायच्या यंत्राची देखभाल करणारे एक गृहस्थ होते. त्यांना मशीनवाले म्हणत. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ते पाण्यात औषध टाकून क्लोरीन तपासायचे. क्लोरीन थोडंही उरलेलं त्यांना चालत नसे, कारण डायलिसिसच्या पाण्यात क्लोरीन उतरलं तर पेशंटच्या रक्तपेशी फुटतात. पाणीबाई त्यांना म्हणाली, माशांच्या कल्ल्यांचंही तेच होतं. फरक एवढाच की आयुष्यभर पाणी गुलाबी झालं की मी सही करायची, आणि तुम्ही गुलाबी नाही झालं की करायची. मशीनवाल्यांना हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून दोघांचा सकाळचा चहा एकत्र होऊ लागला. त्यांचं गाळलेलं पाणी इतकं शुद्ध होतं की नुसत्या त्यात मासा जगला नसता. जगायला थोडे क्षार लागतात. दोघांनी मिळून त्यात नळाचं पाणी किती मिसळायचं ते ठरवलं, आणि पिंपावर खडूने खूण केली.

आणि मग पाणीबाईने जाहीर केलं की सहा आठवडे मासे नाहीत.

हे कुणालाच पटलं नाही. टाकी भरली, दिवे लागले, झाडं उभी राहिली, आता अडलं कुठे? ती प्रत्येकाला तेच सांगायची. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. त्याला पचवणारे जिवाणू मातीत आणि फिल्टरच्या स्पंजात आधी वाढावे लागतात. त्यांना वाढवायचं तर त्यांना खायला हवं. म्हणून ती रोज सकाळी येऊन रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचं खाणं टाकायची. थांबायच्या खोलीतल्या एका बाईने आपल्या नवऱ्याला हळूच सांगितलं की या मावशींना मासे दिसतात वाटतं. घरच्या टाकीतला जुना स्पंजही तिने फिल्टरमध्ये आणून कोंबला, विरजण लावतात तसा.

दुसऱ्या आठवड्यात टॅक्सीवाल्यांना राहवलं नाही. पाळी संपल्यावर त्यांनी दोन गोल्डफिश पिशवीतून आणले आणि झाकण उचलून आत सोडून दिले. सगळ्यांना खूश करावं एवढाच त्यांचा विचार. पाणीबाई आली तेव्हा दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून धापा टाकत होते आणि बुटकं गवत अर्ध्या फुटात उपटलं गेलं होतं. तिने त्यांना जाळीने काढून घरच्या टाकीत नेलं. एक दुसऱ्या दिवशी मेला, एक जगला. तिने ते टॅक्सीवाल्यांना सरळ सांगितलं. आवाज चढवला नाही आणि गोष्ट गोडही केली नाही. त्यांचा चेहरा पडला. मग तिने झाकणाला कुलूप लावलं, त्याची एक किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, आता हे तुमच्या राखणीत. त्यानंतर सिस्टरांचीसुद्धा झाकणाला हात लावायची टाप नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. मुळांवर बुळबुळीत पांढरी बुरशी चढली. रुंद पानांच्या रोपांची पानं वितळून गळू लागली. आणि नेमकं चौथ्या आठवड्यात, केंद्राच्या वाढीव भागाच्या उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. डॉक्टरीणबाईंनी पाणीबाईला बाजूला घेतलं. त्या चांगल्या बाई होत्या, पण त्या दिवशी घाईत होत्या.

"पाणी स्वच्छ करायचं औषध मिळतं म्हणे दुकानात," त्या म्हणाल्या. "ते टाका, आणि निदान दहा-बारा मासे सोडा. उद्घाटन झालं की काढून घ्या."

"डॉक्टर, हे औषधाने नाही, आपोआप स्वच्छ होणार आहे. बुरशी जाईल, नवी पानं येतील."

"पण अध्यक्षांना काय सांगायचं?"

"सांगा, पाणीबाईने अजून सही केलेली नाही."

डॉक्टरीणबाईंकडे रोज रक्ताच्या तपासण्यांचे आकडे यायचे, आणि आकडा खाली आल्याशिवाय त्या स्वतः कुणाला घरी सोडत नसत. त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या.

अध्यक्ष आले. फीत कापून आत आले आणि त्या गढूळ पाण्यासमोर उभे राहिले. मासे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. कुणी काही बोलायच्या आत भूगोलाच्या बाईंनी खुर्चीवरूनच उत्तर दिलं, वर्गातल्या आवाजात.

"आधी जंगल वाढतं, प्राणी नंतर येतात. पृथ्वीवरही हाच क्रम होता."

अध्यक्षांनी होय म्हटलं आणि पुढच्या खोलीकडे वळले. दादाने यंत्राच्या आडून बहिणीकडे पाहिलं. लहानपणी चोरून पेरू पाडल्यावर तो पाहायचा तसंच.

पाचव्या आठवड्यात पांढुरकेपणा एका दिवसात ओसरला. मशीनवाल्यांनी सकाळी सहाला तिला फोन केला, बाई, टाकी फुटून पाणी वाहून गेलं वाटतं, आत काही दिसतच नाही. ती धावत आली. टाकी भरलेली होती. पाणी इतकं स्वच्छ झालं होतं की दिव्याखाली नुसती हिरवी पानं हवेत तरंगताना दिसत होती. वितळलेल्या रोपांच्या बुडातून कोवळे, तांबूस कोंब निघाले होते. तिने नमुना घेतला, थेंब टाकले. अमोनिया शून्य. दुसरी तपासणी, अमोनियापासून होणाऱ्या पुढच्या विषाची. त्याचा किंचित रंग आला. ती म्हणाली, आणखी दहा दिवस. मशीनवाल्यांनी कपाळावर हात मारला, पण कॅलेंडरवर खूण केली.

पंचेचाळिसाव्या दिवशी तिने आधी डझनभर मासे सोडले, निळ्या रेघेचे, बोटाच्या पेराएवढे. पिशव्या तासभर पाण्यावर ठेवल्या, मग थोडं-थोडं टाकीतलं पाणी पिशवीत मिसळलं, मग जाळीने एकेक आत. मासे आधी मुळाखाली दडले. अर्ध्या तासाने एक बाहेर आला, मग तीन, मग सगळे, आणि पूर्ण थवा कण्यावरून आतल्या बाजूला उतरला. दादाच्या चेहऱ्यासमोरून गेला. दादाने उजवा हात वर केला आणि बहिणीला खूण केली: ठीक.

पुढच्या दोन महिन्यांत थवा पन्नासावर गेला, तळाशी माती हुंगत फिरणारे मिशीवाले मासे आले, शेवाळ खाणाऱ्या इवल्या कोळंब्या आल्या. समोरच्या चार खुर्च्यांसाठी भांडणं सुरू झाली. सिस्टरांनी फळ्यावर पाळ्या लावल्या. बँकेतल्या मुलीने तिसऱ्या महिन्यात, बघू तरी एकदा, म्हणून खुर्ची फिरवून घेतली, आणि तासाभराने परत रस्त्याकडच्या खिडकीकडे केली. तिला ते जमलं नाही, आणि कुणी तिला आग्रह केला नाही. टॅक्सीवाले म्हणाले, तहान काही कमी होत नाही, पण तिकडे लक्ष कमी जातं. दादाने एवढंही कबूल केलं नाही. मात्र त्याच्या कारखान्यात आता टाकीच्या मांडण्यांची कामं येऊ लागली होती. एक शाळा, एक वृद्धाश्रम. चित्रं तो यंत्रावर बसून काढायचा, आणि मांडणी कमरेएवढी हवी की छातीएवढी यावरून बहीण-भावाचं सिस्टरांसमोर वाजायचं.

दर पंधरवड्याला पाणीबाई लांब कात्री घेऊन जंगलाची छाटणी करते. कापलेल्या फांद्या बादलीत तरंगत असतात, आणि त्या फेकायला तिचा जीव होत नाही. म्हणून एक दिवस तिने त्या पेशंटांना वाटून टाकल्या: घरी काचेच्या बरणीत लावा, उजेडात ठेवा, उन्हात नको. आता वीसेक घरांत खिडकीशी बरण्या आहेत. त्यांच्या तक्रारी ऐकणं हे तिला लागलेलं नवं काम. परवाच ती वृद्धाश्रमातल्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून दगड बसवत होती. फोन वाजला. भूगोलाच्या बाई होत्या. त्यांच्या बरणीतलं एक पान पिवळं पडलं होतं. पाणीबाईने ओला हात साडीला पुसला, फोन खांद्याशी धरला आणि विचारलं, "आधी हे सांगा, पाणी कुठल्या नळाचं भरलंत?"